दोन भीतींच्या मधलं जनमत

१० जून २००२ रोजी दक्षिण कोरियातल्या देगू शहरात विश्वचषक फुटबॉलचा सामना चालू होता, यजमान कोरिया विरुद्ध अमेरिका. अमेरिका एका गोलने पुढे होती. ७८व्या मिनिटाला आन जुंग-ह्वानने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि बरोबरी झाली. मग कोरियाचे खेळाडू कडेला जाऊन कमरेत वाकून, हात झुलवत, बर्फावर स्केटिंग केल्याचा अभिनय करू लागले. जगभरच्या प्रेक्षकांना हे काय चाललंय ते कळेना. कोरियात मात्र शेंबड्या पोरालाही कळलं.

चारच महिन्यांपूर्वी सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शॉर्ट ट्रॅक शर्यतीची अंतिम रेषा किम दोंग-सुंगने सर्वांत आधी ओलांडली होती. पंचांनी त्याला बाद ठरवलं आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या अपोलो ओनोला मिळालं. बाद ठरवणारे मुख्य पंच ऑस्ट्रेलियाचे होते, तरी कोरियाचा सगळा राग गेला अमेरिकेवर.

ज्या देशाने १९५० ते १९५३ या तीन वर्षांत दक्षिण कोरियासाठी ३६ हजारांहून अधिक सैनिक गमावले, ज्याचे सुमारे ३७ हजार सैनिक २००२ मध्येही तिथे तैनात होते, त्याच देशावर एका शर्यतीवरून एवढा संताप का यावा? आणि मग २० वर्षांनी, २०२२ मध्ये, याच कोरियातले ८९ टक्के लोक अमेरिकेबद्दल आपलं मत चांगलं आहे असं का सांगतात? जनमताचा अभ्यास करणाऱ्यांना दक्षिण कोरियाचं इतकं आकर्षण आहे ते यामुळेच. सैन्य तेच, करार तोच, शेजारचा शत्रूही तोच. आणि मत मात्र झोपाळ्यासारखं हेलकावे घेतं. हे हेलकावे लहरी नाहीत, त्यांच्यामागे एक यंत्रणा आहे. ती समजली की बलाढ्य मित्राच्या सावलीत राहणाऱ्या बऱ्याच देशांचं वागणं उलगडतं.

मोजायचं नेमकं काय?

अमेरिकेतलं प्यू संशोधन केंद्र २००२ पासून अनेक देशांत एक साधा प्रश्न विचारत आलं आहे. अमेरिकेबद्दल तुमचं मत खूप चांगलं, बरंचसं चांगलं, बरंचसं वाईट की खूप वाईट? पहिल्या दोन उत्तरांची बेरीज म्हणजे अनुकूल मत. दक्षिण कोरियात ही बेरीज २००२ मध्ये जेमतेम निम्म्यावर होती, २००३ मध्ये ४६ टक्क्यांवर घसरली, २००८ मध्ये ७० झाली, २०१५ मध्ये ८४, २०१७ मध्ये ७५, २०२० मध्ये ५९ आणि २०२२ मध्ये ८९.

पाच कोटींच्या देशात हजारभर माणसांना विचारून हे आकडे काढतात, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात, तेव्हा पातेलं केवढं आहे याने फरक पडत नाही, भात नीट ढवळलेला आहे की नाही याने पडतो. ढवळणं म्हणजे इथे यादृच्छिक निवड: देशातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला निवडलं जाण्याची संधी मिळायला हवी, आणि ती किती हे आपल्याला माहीत हवं. तसं असेल तर हजार माणसांच्या नमुन्यात सुमारे ३ टक्के इकडे-तिकडे एवढीच चूक संभवते. मग देश पाच कोटींचा असो की १४० कोटींचा. ही चूक लक्षात ठेवूनच आकडे वाचायचे. २००२ ते २००३ मधली पाच-सहा टक्क्यांची घसरण चुकीच्या मर्यादेच्या आसपासचीच आहे, तिच्यावर सिद्धान्त उभारू नये. ४६ वरून ८४ वर झालेली चढण मात्र खरी आहे.

पण नमुना कितीही चोख असला, तरी खरी गफलत प्रश्नात होते. ‘अमेरिका’ म्हटल्यावर उत्तर देणाऱ्याच्या मनात काय येतं? राष्ट्राध्यक्ष? शेजारच्या छावणीतला सैनिक? मुलगी शिकते ते कॅलिफोर्नियातलं विद्यापीठ? प्यूने देश आणि राष्ट्राध्यक्ष यांच्याबद्दल वेगळे प्रश्न विचारले आणि मोठी मौलिक गोष्ट हाती लागली. २०१५ मध्ये बराक ओबामा जागतिक प्रश्नांवर योग्य तेच करतील असा विश्वास ८८ टक्के कोरियनांना होता. २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्याबद्दल तोच विश्वास १७ टक्क्यांना. म्हणजे तब्बल ७१ टक्क्यांचा कडेलोट. देशाबद्दलचं अनुकूल मत त्याच काळात ८४ वरून ७५ वर आलं, फक्त नऊने. लोक घर आणि घराचा सध्याचा कारभारी यांच्यात फरक करतात.

पुढच्याच वर्षी ट्रम्प यांच्यावरचा विश्वास १७ वरून ४४ वर गेला. माणूस तोच, भाषाही तीच. पण मधल्या काळात ते ‘आग ओकण्या’च्या धमक्यांवरून सिंगापूरला किम जोंग-उन यांच्याशी हस्तांदोलन करण्यापर्यंत आले होते. सेऊलमध्ये राहणाऱ्या माणसाला यातला फरक पुस्तकी वाटत नाही. त्याच्या शहरापासून दोन्ही कोरियांमधला लष्करमुक्त पट्टा ५० किलोमीटरच्या आसपास आहे आणि पलीकडे उत्तर कोरियाच्या तोफा आहेत.

सोडून जाण्याची आणि ओढून नेण्याची

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ ग्लेन स्नायडर यांनी १९८४ मध्ये एक मांडणी केली. ती सरकारांबद्दल होती, पण माझ्या मते ती जनमतालाही चपखल बसते. दुबळा देश बलाढ्य देशाशी युती करतो तेव्हा त्याच्या मनात दोन भीती एकाच वेळी घर करतात. एक, ऐन संकटात हा मित्र आपल्याला सोडून जाईल. दुसरी, हा मित्र आपल्याला त्याच्या भांडणात ओढून नेईल. गंमत नाही, शोकांतिका आहे, ती पुढे. पहिली भीती कमी करायला मित्राला जास्त बिलगावं, तर दुसरी वाढते. दुसरी कमी करायला अंतर राखावं, तर पहिली डोकं वर काढते. दोन्ही एकदम शून्यावर आणणारी जागाच नाही.

कोरियाच्या युतीचा जन्मच पहिल्या भीतीतून झाला. १९५३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेला युद्ध थांबवायचं होतं. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना नको होतं, कारण युद्धविराम झाला की अमेरिका निघून जाईल आणि आपण पुन्हा उघडे पडू, असं त्यांना वाटत होतं. जूनमध्ये त्यांनी अमेरिकेला न विचारता सुमारे २७ हजार युद्धकैद्यांना छावण्यांतून सोडून दिलं आणि वाटाघाटी जवळजवळ उधळून लावल्या. अखेर युद्धविराम झाला, पण री यांना हवं ते मिळालं: १ ऑक्टोबर १९५३ रोजी परस्पर संरक्षण करारावर सह्या झाल्या. हा करार आजही लागू आहे.

या प्रकरणाशी एका मराठी माणसाचा जवळचा संबंध आहे. घरी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांची देखरेख करायला भारताने जी सेना पाठवली, तिचं नेतृत्व कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याकडे होतं. पुढे पूर्व सीमेवर चीनच्या धोक्याचा अंदाज आधीच बांधणारे तेच हे थोरात. री यांचा तटस्थ भारतावर इतका राग होता की भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून इंचॉनच्या समुद्रातल्या जहाजांवरून अमेरिकी हेलिकॉप्टरांनी आपल्या जवानांना थेट लष्करमुक्त पट्ट्यात उतरवलं. मित्र निघून जाईल या धास्तीने पछाडलेलं सरकार तटस्थ माणसालाही शत्रू समजू लागतं, याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

जुन्या पिढीच्या मनावर युद्धाचा ठसा होता, आणि अमेरिका म्हणजे तारणहार हे समीकरण त्यांच्यापुरतं पक्कं होतं. ते तडकलं १९८० च्या मे महिन्यात, ग्वांगजूमध्ये. जनरल चुन दू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीविरुद्ध उठलेल्या या शहरावर सैन्य सोडण्यात आलं, माणसं मारली गेली. कोरियाच्या सैन्याचा मोठा भाग तेव्हा संयुक्त सेनादलाच्या आधिपत्याखाली होता आणि त्या दलाचा प्रमुख अमेरिकी जनरल असे. हत्याकांड करणारी विशेष पथकं आमच्या अखत्यारीत नव्हती, असं अमेरिकेने सांगितलं. पण त्यानंतर तैनात झालेल्या नियमित तुकड्या सोडायला तिने हरकत घेतली नव्हती. फेब्रुवारी १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी व्हाइट हाऊसमध्ये आमंत्रित केलेल्या पहिल्या परदेशी प्रमुखांत हेच चुन होते. लोकशाहीचा पहारेकरी म्हणून ज्याच्याकडे पाहिलं, तो हुकूमशहाशी हात मिळवताना दिसला. मार्च १९८२ मध्ये पुसानच्या अमेरिकी सांस्कृतिक केंद्राला विद्यार्थ्यांनी आग लावली आणि त्यात एका निरपराध विद्यार्थ्याचा जीव गेला. १९८५ मध्ये सेऊलच्या केंद्रात विद्यार्थी घुसून बसले.

इथे पहिल्या दोहोंत न बसणारी तिसरी गोष्ट दिसते, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: मानहानी. मित्र बलाढ्य आहे याचा राग लोकांना येत नाही. आपला जीव, आपलं मत, आपली न्यायालयं त्याच्या हिशेबात धरलीच जात नाहीत असं दिसलं की येतो.

यांगजूचा रस्ता

देगूच्या सामन्यानंतर तीनच दिवसांनी, १३ जून २००२ रोजी, सेऊलच्या उत्तरेला यांगजूमध्ये १४ वर्षांच्या दोन मैत्रिणी एका वाढदिवसाला चालत निघाल्या होत्या. रस्ता अरुंद, पदपथ नाही. सरावावरून येणारी अमेरिकी सैन्याची पूल बांधणारी चिलखती गाडी त्यांच्या अंगावरून गेली. ही गाडी रस्त्याच्या लेनपेक्षा रुंद होती.

त्या दिवशी कोरियात स्थानिक निवडणुका होत्या आणि देश विश्वचषकाच्या धुंदीत होता. दुसऱ्या दिवशी कोरियाने पोर्तुगालला हरवलं, मग इटलीला, मग स्पेनला. लाल सदऱ्यांचा समुद्र रस्त्यांवर उसळत होता आणि दोन मुलींची बातमी आतल्या पानांवर राहिली. ती पेटली नोव्हेंबरमध्ये.

पेटण्याचं कारण कायद्यात होतं. अमेरिकी सैनिकांच्या दर्जाबद्दल दोन्ही देशांत १९६६ चा करार आहे. त्यानुसार कर्तव्यावर असताना घडलेल्या गुन्ह्याचा खटला चालवण्याचा पहिला हक्क अमेरिकेचा. कोरियाने हा खटला आमच्याकडे द्या अशी विनंती केली, ती नाकारली गेली. डोंगडुचनच्या छावणीत अमेरिकी लष्करी न्यायालय बसलं आणि नोव्हेंबरात दोन दिवसांच्या अंतराने दोन्ही सैनिक निर्दोष सुटले. अपघात हेतुपुरस्सर होता असं फारसं कोणी म्हणत नव्हतं. पण दोन मुली आपल्याच देशाच्या रस्त्यावर मरतात आणि कोणीच दोषी नाही, असं परक्या न्यायालयाने परक्या भाषेत सांगायचं, हे सहन होण्यापलीकडचं होतं. मला वाटतं, कुठल्याही स्वाभिमानी समाजाला ते झालं नसतं.

इंटरनेटवर एका साध्या नागरिकाने हाक दिली: मेणबत्त्या घेऊन सेऊलच्या मध्यभागी ग्वांगह्वामुनला या. ३० नोव्हेंबरला माणसं जमली, मग दर आठवड्याला वाढत गेली. मेणबत्तीच का, याचं एक व्यावहारिक कारण होतं. सूर्यास्तानंतर उघड्यावर निदर्शनं करायला तिथल्या कायद्याने बंदी होती, सांस्कृतिक कार्यक्रमांना मात्र सूट होती. मूक दीपांजली ही त्या सुटीत बसत होती. पुढे कोरियाच्या राजकारणाचं हे सर्वांत प्रभावी हत्यार ठरलं आणि २०१६-१७ मध्ये याच मेणबत्त्यांनी अध्यक्ष पार्क गन-हे यांना खाली खेचलं.

१९ डिसेंबर २००२ रोजी रो मू-ह्यून अध्यक्षपदी निवडून आले. अमेरिकेसमोर मान तुकवणार नाही, असं सांगणारा हा उमेदवार काही महिन्यांपूर्वी मागे पडला होता. २००४ च्या जानेवारीत एका कोरियन संस्थेने विचारलं की देशाच्या सुरक्षिततेला सर्वांत मोठा धोका कोणाचा? ३९ टक्के म्हणाले अमेरिकेचा, ३३ टक्के म्हणाले उत्तर कोरियाचा. विशीतल्या मुलांत अमेरिकेचं नाव घेणारे निम्म्याहून अधिक होते. ज्याच्यापासून राखण करायची त्यापेक्षा राखणदाराचीच धास्ती जास्त! स्नायडरच्या भाषेत सांगायचं तर ओढून नेलं जाण्याच्या भीतीने तेव्हा कळस गाठला होता. जॉर्ज बुश यांनी २००२ च्या जानेवारीत उत्तर कोरियाला ‘दुष्टांच्या अक्षा’त बसवलं होतं, इराकवर हल्ला झाला होता, आणि पुढचा नंबर प्योंगयांगचा लागला तर जळणार सेऊल होतं.

मग लंबक उलटा कसा फिरला? २००४ मध्येच अमेरिकेने जाहीर केलं की कोरियातले साडेबारा हजार सैनिक कमी करणार. उन्हाळ्यात एक आख्खी ब्रिगेड कोरियातून उचलून इराकला नेली. रस्त्यावर ‘अमेरिकी सैन्य चालते व्हा’ अशा घोषणा देणं वेगळं आणि ते खरंच सामान बांधताना पाहणं वेगळं. २००६ च्या ऑक्टोबरात उत्तर कोरियाने पहिली अणुचाचणी केली. २०१० मध्ये चोनान ही युद्धनौका बुडवली गेली, ४६ नौसैनिक गेले, आणि नोव्हेंबरात योनप्योंग बेटावर तोफांचा मारा झाला. सोडून जाण्याची भीती परत आली आणि अनुकूल मत वर चढत गेलं. रो स्वतःही गादीवर बसल्यावर बदलले. त्यांनी इराकमध्ये सैन्य पाठवलं आणि अमेरिकेशी मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी सुरू केल्या. त्यांच्या पाठीराख्यांना हा विश्वासघात वाटला. मला तो छोट्या देशाच्या प्रमुखावर येणारा दबाव वाटतो.

गर्दी आणि आकडा

२००८ च्या मे-जूनमध्ये पुन्हा मेणबत्त्या पेटल्या. नवे अध्यक्ष ली म्युंग-बाक यांनी अमेरिकी गोमांसाच्या आयातीवरचे निर्बंध घाईने उठवले होते. ‘मॅड काऊ’ रोगाच्या भीतीने शाळकरी मुली आधी रस्त्यावर आल्या, मग सगळं शहर. १० जूनला सेऊलमध्ये अफाट गर्दी झाली. परदेशी वार्ताहरांनी लिहिलं, कोरिया पुन्हा अमेरिकाविरोधी झाला.

आकडे वेगळंच सांगतात. त्या वर्षीच्या वसंतात अनुकूल मत ७० टक्के होतं आणि पुढच्या वर्षी ते ७८ वर गेलं. मधे ओबामा निवडून आले, त्याचा त्यात वाटा आहे हे मान्य. तरी लाखोंच्या आंदोलनाने अमेरिकेबद्दलच्या मतावर टिकाऊ ओरखडासुद्धा उमटलेला दिसत नाही. लोक चिडले होते ते आपल्या सरकारवर, जनतेला न विचारता निर्णय घेतला म्हणून. गर्दी तीव्रता दाखवते, किती लोक सहमत आहेत ते दाखवत नाही. आणि गर्दीचा रोख कोणाकडे आहे हे फलकावरच्या नावावरून कळतंच असं नाही.

आज त्याच ग्वांगह्वामुन परिसरात दुसरंच दृश्य दिसतं. पार्क यांच्या महाभियोगापासून उजव्या विचारांच्या सभांमध्ये कोरियाच्या झेंड्याबरोबर अमेरिकेचा झेंडा फडकतो. ३ डिसेंबर २०२४ रोजी तेव्हाचे अध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला, संसदेने काही तासांत तो हाणून पाडला, आणि नंतर युन यांचे समर्थक रस्त्यावर आले तेव्हाही हातात तारे-पट्टे होते. परक्या देशाचा झेंडा इथे परराष्ट्र धोरण सांगत नाही. मी कम्युनिस्टविरोधी आहे, मी डाव्यांच्या विरुद्ध आहे, एवढंच तो सांगतो. मित्रराष्ट्राबद्दलचं मत हे पुष्कळदा घरातल्या भांडणाचं चिन्ह असतं, आणि पाहणी करणाऱ्याने हे विसरून चालत नाही.

पिढ्यांचा प्रश्नही असाच गुंतागुंतीचा आहे. संख्याशास्त्रात वय, काळ आणि पिढी हे तीन परिणाम वेगळे करावे लागतात. माणूस म्हातारा होतो म्हणून मवाळ होतो का, सगळ्या समाजाचं मतच एका काळात बदललं का, की तरुणपणी बसलेला ठसा आयुष्यभर टिकतो? तीनही एकमेकांत इतके अडकलेले असतात की एकाच वर्षाच्या पाहणीवरून ते सुटे करता येत नाहीत. वर्षानुवर्षं तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारावा लागतो. १९६० च्या दशकात जन्मलेली, ८० च्या दशकात विद्यापीठात गेलेली पिढी ग्वांगजूच्या सावलीत वाढली आणि अमेरिकेबद्दलचा तिचा संशय पुढेही टिकला. त्या काळी अनेकांना वाटलं की तरुण म्हणजे अमेरिकाविरोधी, आणि हे तरुण वाढत जातील तशी युती खिळखिळी होईल. तसं घडलं नाही. नंतरच्या तरुणांना ग्वांगजू पाठ्यपुस्तकात भेटलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर घडला तो चीनचा उदय.

या चीनचा मुद्दा मोठा आहे. २०१७ मध्ये अमेरिकेची ‘थाड’ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा सोंगजूमध्ये बसवली गेली, लोट्टे कंपनीच्या गोल्फ मैदानाच्या जागेवर. चीनने सूड उगवला तो लोट्टेच्या दुकानांवर आणि पर्यटकांच्या गटांवर बंधनं आणून. ही अगदी शुद्ध ‘ओढून नेणारी’ परिस्थिती होती: अमेरिकेच्या यंत्रणेची किंमत कोरियाने मोजली. जुन्या हिशेबाने राग अमेरिकेवर यायला हवा होता. तो गेला चीनवर. चीनबद्दल प्रतिकूल मत असलेले कोरियन २०१५ मध्ये ३७ टक्के होते, २०२२ मध्ये ८० टक्के झाले. आणि प्यूने पाहिलेल्या देशांत कोरिया एकटाच असा, जिथे तरुणांना वडीलधाऱ्यांपेक्षा चीन जास्त नावडतो. २०२१ मध्ये ‘सिसा-इन’ या कोरियन साप्ताहिकाने ० ते १०० अशी भावनांची तापमापी वापरून पाहणी केली. अमेरिका ५७.३ अंश, जपान २८.८, उत्तर कोरिया २८.६ आणि चीन सर्वांत खाली २६.४. ज्या जपानने ३५ वर्षं वसाहत केली आणि ज्या उत्तर कोरियाने आक्रमण केलं, त्या दोघांच्याही खाली. अमेरिकेचे ५७ अंश म्हणजे काही उतू जाणारं प्रेम नाही. बाकीचे सगळे थंड पडले म्हणून ती उबदार दिसते. मत नेहमी तुलनेने बनतं, आणि ‘तुम्हाला अमेरिका आवडते का’ एवढा एकटा प्रश्न ही तुलना झाकून टाकतो.

छावणीशेजारी राहणाऱ्यांचं काय? अमेरिकी संशोधकांच्या एका गटाने २०२० मध्ये १४ देशांतल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यात दक्षिण कोरियाही होता. त्यांनी अमेरिकी सैन्य, सरकार आणि जनता यांच्याबद्दल वेगळे प्रश्न विचारले. सैनिकांशी स्वतः संपर्क आलेल्यांचं किंवा त्यांच्यामुळे कमाई झालेल्यांचं मत सरासरीने जास्त अनुकूल निघालं. योंगसानसारखा सेऊलच्या मधोमध बसलेला तळ रिकामा करून मुख्यालय २०१८ मध्ये प्योंगतेकच्या प्रचंड कॅम्प हम्फ्रीजमध्ये हलवलं, ते संघर्ष टाळण्यासाठी शहाणपणाचं झालं. पण संपर्कच कमी झाला तर मतं केवळ बातम्यांवर बनू लागतात, हीही त्याची दुसरी बाजू आहे.

विश्वासही आणि अणुबॉम्बही

सध्याचं सर्वांत चक्रावणारं कोडं अण्वस्त्रांचं आहे. शिकागो कौन्सिल या अमेरिकी अभ्याससंस्थेच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७१ टक्के कोरियन म्हणाले, देशाने स्वतःची अण्वस्त्रं बनवावीत. अमेरिकेची अण्वस्त्रं कोरियात ठेवावीत याला ५६ टक्क्यांचा होकार होता. पण दोन्हींतलं एकच निवडा म्हटल्यावर ६७ टक्के स्वतःच्या बॉम्बकडे गेले आणि फक्त ९ टक्के अमेरिकेच्या. याच वर्षी अमेरिकेबद्दलचं अनुकूल मत ८९ टक्के होतं, हे विसरू नका.

यात विसंगती नाही. मित्र आवडणं आणि मित्र आपल्यासाठी न्यूयॉर्क धोक्यात घालेल यावर भरवसा असणं, या दोन निराळ्या गोष्टी. उत्तर कोरियाकडे आता अमेरिकेपर्यंत पोचणारी क्षेपणास्त्रं आहेत. पूर्वी सेऊल वाचवायला अमेरिकेला स्वतःचं शहर पणाला लावावं लागत नव्हतं. ही सोडून जाण्याची भीतीच आहे, फक्त ती प्रेमाच्या आकड्याआड दडलेली आहे. एप्रिल २०२३ च्या वॉशिंग्टन जाहीरनाम्यात अणुविषयक सल्लामसलतीचा गट स्थापन झाला तो हीच भीती शमवण्यासाठी.

या ७१ टक्क्यांवरही आंधळा विश्वास नको. निर्बंध आले, युती मोडली तरी हवाच का, असं शिकागोच्या पाहणीत विचारलं तेव्हा पाठिंबा फारसा हलला नाही. कोरियाच्या राष्ट्रीय एकीकरण संस्थेने २०२३ मध्ये एकेका किमतीबद्दल नेमका प्रश्न विचारला, तेव्हा तो चांगलाच उतरला. प्रश्नाची मांडणी बदलली की देशाचा ‘कौल’ बदलतो. मतदारांनी ज्याची किंमत कधी मोजलेली नाही, अशा गोष्टीबद्दलचं मत पातळ असतं.

२०२० ची घसरण या सगळ्यावर प्रकाश टाकते. २०१७ मध्ये ट्रम्प यांच्यावरचा विश्वास १७ टक्के असताना देशाबद्दल ७५ टक्के अनुकूल होते. २०२० मध्ये विश्वास पुन्हा १७, पण देशाबद्दलचं मत ५९. कारभारी आणि घर यांतलं अंतर आटलं. दोन गोष्टी घडल्या होत्या. सैन्याच्या खर्चातला कोरियाचा वाटा वर्षाला सुमारे ९२ कोटी डॉलर असताना अमेरिकेने ५०० कोटींच्या घरात मागणी केली. संरक्षण हे बिल झालं. आणि कोविड आला. अमेरिकेने साथ चांगली हाताळली असं म्हणणारे कोरियन फक्त ६ टक्के होते. बलाढ्य मित्र सक्षम आहे, हा युतीचा न बोललेला पाया असतो. तो हलला की स्नेहही हलतो.

४ सप्टेंबर २०२५ रोजी जॉर्जिया राज्यात ह्युंदाई आणि एलजी यांच्या बांधकाम चालू असलेल्या बॅटरी कारखान्यावर अमेरिकी अधिकाऱ्यांनी धाड घातली. ४७५ जण ताब्यात घेतले, त्यांत ३०० हून अधिक कोरियन. जेमतेम दहा दिवसांपूर्वी नवे अध्यक्ष ली जे-म्युंग व्हाइट हाऊसमध्ये जाऊन आले होते, आणि कोरियाने अमेरिकेत ३५ हजार कोटी डॉलर गुंतवण्याचं कबूल केलं होतं. हातापायांत साखळ्या अडकवलेल्या कामगारांची चित्रफीत कोरियाच्या घराघरांत पोचली. आठवड्याभराने खास विमानाने ते इंचॉनला उतरले.

यांगजूच्या वेळी अमेरिकी सैनिक कोरियाच्या भूमीवर होता, या वेळी कोरियन कामगार अमेरिकेच्या भूमीवर होता. सोडून जाण्याचा किंवा युद्धात ओढून नेण्याचा इथे प्रश्नच नव्हता. होती ती निव्वळ मानहानी, आणि तीही पैसे गुंतवायला आलेल्या पाहुण्याची. अभ्यासकांनी यासाठी पाहणीत आता वेगळा प्रश्न घालायला हवा: संकटात अमेरिका येईल का, एवढंच न विचारता, ती आम्हाला बरोबरीने वागवते का, हेही विचारायला हवं. युतीचे जुने प्रश्न सैन्याभोवती रचलेले आहेत, आणि आज दोन्ही देशांतले धागे चिप, बॅटरी आणि जहाजबांधणीच्या कारखान्यांतून जास्त जातात. तिथल्या कामगाराच्या व्हिसाचा निकाल काय लागतो, यावर पुढच्या काही वर्षांतलं मत बरंचसं अवलंबून राहील.